अण्णांच्या खिशातला काटा

हळदीच्या आडतीवर काम केलं की शर्ट पिवळे होतात आणि कान किश्श्यांनी भरतात. शर्ट निदान धुता तरी येतात! वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, अण्णांच्या आडतीवर मी कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळं बसल्या जागी सगळं ऐकू येतं. यंदाचे निम्मे किस्से एकाच वस्तूचे आहेत: मुठीत मावणारा, हुक असलेला, प्रवासाची बॅग तोलायचा डिजिटल काटा.

त्याचं असं झालं, अण्णांची एकुलती एक लेक मीरा जर्मनीत बाळंत होणार होती. पहिलीच खेप, आणि लेक इतक्या लांब. अण्णा-काकू जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होते. पुण्याच्या भाच्यानं सांगितलं, "मामा, बॅग जड झाली तर तिथं सामान काढायला लावतात." अण्णांनी लगेच काटा मागवला.

"जल्मभर काटेच बघितले, अजून मन भरलं न्हाई का?" काकू कडाडल्या. "त्याच्या जागेवर माझे दोन लाडू बसले असते!"

काटा न्यायचा की नाही, हा वाद तिथून सुरू झाला.

*

काट्याचं उद्घाटन आडतीवरच झालं. माझा डबा लटकवला, काकूंची पर्स लटकवली, मग गणपतमामांची चप्पल. मामा आमचे सगळ्यात जुने हमाल. चप्पल भलतीच जड निघाली.

"मामा, लोखंडाची हाय का काय?"

"न्हाई अण्णा, निम्मं वजन तुमच्या मोंढ्याच्या मातीचं हाय. पाहिजे तर झाडून घ्या!"

*

जर्मनीला जायच्या आधी अण्णा-काकू नर्सीला नामदेव महाराजांच्या दर्शनाला गेले, तर काटा सोबत! कशाला? तर "प्रॅक्टिस." बाहेर पेढे घेतले आणि दुकानदाराच्या डोळ्यांदेखत पिशवी हुकाला अडकवली.

दुकानदार तसा शांत माणूस. "काहून अण्णा, कमी भरलं का?"

अण्णांनी आकडा पाहिला आणि पिशवी पटकन मागं घेतली. वजन जास्त भरलं होतं!

"आता काहून गप?" काकू गाडीत म्हणाल्या. "देवाच्या दारात काटा काढला, देवानं तुमचंच माप काढलं!"

*

मधे एकदा तो काटा मीही उसना नेला. बायकोचं माहेर डोंगरकड्याला. येताना सासूबाईंनी केळी, डाळी, लोणचं असं काय काय बांधून दिलं. एसटीत कंडक्टर बॅगांकडं बघायला लागला. मी ऐटीत काटा काढला, "मोजून दाखवू का?"

"ठिवा साहेब तुमचं खेळणं. माझा काटा डोळ्यात हाय." मग त्यानं माझ्या बायकोकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "माहेरचं सामान हाय ना ताई? जाऊ द्या, नीट धरून बसा."

*

खरी परीक्षा हैदराबादच्या विमानतळावर झाली. पोत्यातला माल तोलला की रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं, वजन वजा करायचं, हा अण्णांचा जन्माचा नेम. बॅगाही त्यांनी तशाच तोलल्या होत्या. आतलं सामान बरोबर, बॅगेचं वजन धरलंच नाही!

काउंटरवरच्या पोरीनं सांगितलं, "सर, वजन ज्यादा है।"

अण्णा तापले. "बराबर देखो मॅडम! बारदान काटके बोलो ना!"

पोरीनं परत आकड्याकडं बोट दाखवलं. मागं लाईन वाढली. आता बॅगेतून काय काढायचं? डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, हळद, काकूंच्या जुन्या लुगड्याची मऊ गोधडी. काकूंनी क्षणभरही विचार केला नाही.

"ह्यांचे कपडे काढा! लेकीच्या सामानाला हात लावायचा न्हाई."

अण्णा दोन शर्टांवर जर्मनीला गेले. काट्याचा मात्र त्यांनी हट्ट धरला आणि तो खिशात घातला. काकू म्हणाल्या, "आता तिथं काय मोजून राहिले तुमी?" फोनवर हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, आणि मागून अण्णांचं "खोटं हाय ते" चालूच होतं!

*

जर्मनीत पोचल्यावर चार दिवसांनी अण्णांचा फोन. आवाज पडलेला.

"काय अण्णा, तब्येत?"

"तब्येत बरी हाय रे. पण इथं भाजीपासून भातापर्यंत समदं आधीच मोजून पाकिटात भरलेलं. माणसानं दिवसभर करायचं काय?"

*

आणि मग मीराला मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आधी. अगदी इवलीशी. दवाखान्यातून घरी सोडलं ते एका अटीवर, वजन वाढत राहिलं पाहिजे, नाहीतर परत भरती. नर्स आठवड्यातून एकदा येऊन तोलायची. मधले दिवस मीरा नुसती रडायची. "माझं दूध तिला पुरत न्हाई बाबा," एवढंच एक बोलणं. काकू डिंकाचा लाडू घेऊन तिच्या मागं मागं फिरायच्या.

एका दुपारी आडतीसमोर ट्रक भरत होता. मामा पाठीवर पोतं घेऊन नेहमीसारखे मोजत होते, "लाभ... दोन... तीन..." मोजताना पहिल्या पोत्याला 'एक' न म्हणता शुभ म्हणून 'लाभ' म्हणायचं, ही मोंढ्याची रीत. तेवढ्यात अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. मी मोबाईल उंच धरला, तशी सगळी हमालमंडळी भोवती गोळा झाली.

स्क्रीनवर अण्णा गादीवर उभे होते. हातात तो काटा, हुकाला लुगड्याच्या गोधडीची झोळी, झोळीत लेकरू. खाली काकूंनी दोन्ही हात पसरलेले. रिकामी गोधडी आधीच तोलून झाली होती. लेकरू पाय झाडत होतं, त्यामुळं आकडा काही थांबेना. मीरानं डोळे गच्च मिटून घेतले होते.

आकडा थांबला. अण्णांनी गोधडीचं वजन वजा केलं. नर्सच्या आकड्यापेक्षा जास्त, चांगलं जास्त! काकूंनी लेकरू छातीशी घेतलं. मीरानं डोळे उघडले, काट्याकडं बघितलं आणि हुंदका देऊन हसायला लागली.

इकडं गणपतमामांनी पाठीवरचं पोतं तसंच सावरलं, माझ्या मोबाईलमध्ये तोंड घातलं आणि अख्ख्या मोंढ्याला ऐकू जाईल असे ओरडले,

"लाभ!"