उळवीच्या जत्रेतला अर्धा बायस्कोप

उळवीच्या जत्रेत बायस्कोपचा तंबू पहिल्यांदा आला तेव्हा माझं लग्न होऊन जेमतेम एक पावसाळा उलटला होता. माहेर खानापूरकडचं, सासर गुंदचं. सासरी भातशेती होती, आणि शेत मोकळं झालं की जंगलखात्याचं काम. वाट झाडायची, लाकूड ओढायचं, साहेब दौऱ्यावर आला की बंगल्यावर पाणी भरायचं. या सगळ्यातून सुटका म्हणजे जत्रा. त्या सुटकेत आमच्या वाट्याला काय आलं ते आठवलं की या वयातही माझं डोकं तापतं.

तंबूत पुरुष पडद्याच्या पुढं बसायचे आणि बायका पडद्याच्या मागं. पांढरं कापड पाण्यानं चांगलं भिजवायचे, म्हणजे चित्र आरपार उमटायचं. पण उमटायचं ते उलटं. तिकीट मात्र दोन्हीकडं सारखंच. गोष्टीतला तलवारबाज आम्हां बायकांना डावखुरा दिसला. पुढं कितीतरी दिवस मी त्याला डावखुराच समजत होते. नवऱ्यानं हसत हसत खरं काय ते सांगितलं, तेव्हा मला काही हसू आलं नाही. उलटी वस्तू सुलटीच्या भावानं विकणाऱ्याला बाजारात कुणी उभं तरी करील का?

दिवस मावळताच खेळ सुरू झाला. चित्रं मुकी होती. हातात घंटा घेतलेला एक माणूस पडद्याच्या पुढच्या अंगाला उभा राहून आधी कानडीत, मग मराठीत गोष्ट सांगत होता. इटली म्हणून एक देश, चारशे वर्षांपूर्वीचा काळ. उंच बुरुजांचं गाव. तिथल्या खऱ्या राजाला मारून त्याचा भाऊ गादीवर बसलेला. खऱ्या राजाची लेक त्यानं बुरुजात कोंडलेली, आणि तिला सोडवायला निघालेला हा तरुण. टोपीत पीस, खांद्यावर झुलीसारखं कापड, कमरेला बारीक लांब तलवार. तो झुंबराला लोंबकळून एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जायचा. शिपाई जिन्यावरून गडगडत खाली यायचे.

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्यांदा नुसत्या बघत होत्या. मग पडद्यावर गावाची वेस आली. डोक्यावर काटक्यांचा भारा घेतलेल्या म्हातारीला शिपायांनी अडवलं, भारा उपसून रस्त्यावर फेकला. आत्ती ताठ झाल्या.

"अगं, हे तर आपल्या जंगलनाक्यावरचंच हाय की!" त्या मोठ्यानं म्हणाल्या.

तेवढ्यात तो गडी आला आणि त्यानं तलवारीच्या टोकानं शिपायाचा कमरपट्टाच कापला. शिपाई चोळणा धरून पळत सुटला. आमच्याकडच्या बायका अशा हसल्या की पडदा हलला. पुरुषांच्या बाजूला मात्र कुणी फारसं हसलं नाही. पुढच्या खुर्च्या साहेबासाठी राखून ठेवल्या होत्या. त्या अजून रिकाम्या होत्या, तरी खुर्च्यांचाच धाक.

गोष्ट रंगात आली. राजाच्या लेकीनं पहारेकऱ्याच्या उशाखालची किल्ली काढली आणि दार उघडलं. जिन्यात एक शिपाई मरून पडला होता, त्याची तलवार तिनं उचलली. वरून तो खुनी चुलता पायऱ्या उतरत होता. तिनं दोन्ही हातांनी तलवार धरली आणि ती त्याच्याकडं वळली.

आणि पडदा विझला.

पलीकडं खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. जंगलचे साहेब आले होते, बरोबर त्यांची बायको आणि पाहुणे. घंटावाला अदबीनं काहीतरी बोलला आणि यंत्रावर चित्रांच्या फितीचं चक्र परत गुंडाळायला लागले. थोड्या वेळानं पडद्यावर पुन्हा ते बुरुजांचं गाव आलं. अगदी पहिल्यापासून!

"ओ घंटावाले," आत्तींनी हाक मारली. "पुढचं कुठं गेलं?"

"साहेब आत्ता आलेत अक्का. त्येंच्यासाठी पहिल्यापासून दाखवायचं हाय. तुमीबी परत बघा की, फुकटात!"

"आनि शेवट?"

"दिव्याचं कार्बाइड उरलं तर दाखवू."

"न्हाई उरलं तर?"

"तर उद्या तंबू हालणार," तो म्हणाला आणि गोष्ट सांगू लागला.

मी कान देऊन ऐकत होते, पुरुषांच्या बाजूनं कुणी काही बोलतंय का. माझा नवरा तिथं होता, सासरे होते, अख्खं गुंद होतं, शेजारच्या बाजारकुणंगची माणसं होती. या मंडळींनी आमच्याइतकाच अर्धा खेळ पाहिला होता. एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. मला त्यांचा राग आला, साहेबापेक्षा जास्त.

आत्ती उठल्या. पदर खोचला, पडद्याला वळसा घालून पुरुषांच्या बाजूला गेल्या आणि थेट उजेडात उभ्या राहिल्या. त्यांची भलीमोठी सावली त्या बुरुजांवर पडली. मागोमाग आम्ही सगळ्या. परक्या पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर न सावरता उभी राहण्याची माझी ती पहिली वेळ. पण मागं फिरावंसं वाटलं नाही.

"ही बाई कुणाच्या घरची?" साहेबानं विचारलं.

सासरे खाली बघत राहिले.

"मला इचारा की," आत्ती म्हणाल्या. "मी गुंदची. तुमच्या बंगल्यावर पानी भरती. तुमी उशिरा आलासा साहेब, आमी येळेवर आलो. ती पोर तिकडं तलवार धरून उभी हाय. तिचं काय हुतंय ते बघितल्याबिगर मी हलनार न्हाई. आमचं संपू दे, मग तुमचं पहिल्यापासून लावा."

साहेबाची बायको तोंडाला रुमाल लावून हसली. ते हसू मला अजून दिसतं.

तंबूचा मालक मधे धावला. "असं करूया," तो घंटावाल्याला म्हणाला, "शेवट तू तोंडानं सांगून टाक."

घंटावाल्यानं घसा साफ केला. "राजकन्या चुलत्याला बघून बेशुद्ध पडती. तलवार गळून पडती. मग तो तरुण येतो, चुलत्याला मारतो, दोघांचं लगीन होतं. संपलं."

"खोटं!" आत्ती ओरडल्या. "बेशुद्ध पडनारी बाई मेलेल्याच्या हातची तलवार उचलती व्हय? दाखवा!"

"दाखवा!" आम्ही सगळ्या म्हणालो आणि खुर्च्यांच्या पुढ्यात फतकल मारून बसलो. उजेड आमच्या डोक्यांवर, चित्र तुकड्यातुकड्यांनी पडद्यावर. साहेब उठला. "पुढच्या खेपेला तंबूचा परवाना कसा मिळतोय ते बघतो," एवढंच मालकाला बोलून पाहुण्यांना घेऊन निघून गेला. मला वाटलं, आता तरी शेवट लावतील. मालकानं घाबरून दिवाच विझवला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर गाडीत सगळा ठपका आमच्यावर. "सायबाशी वाकडं घेतलं," सासरे म्हणाले. नवरा म्हणाला, "निम्मा खेळ गेला तर काय बिघडलं?" आत्तींच्या आधी मीच बोलले, "तुमी गप बसलासा ते बिघडलं." नव्या सुनेच्या तोंडी ते शोभत नव्हतं. 

साहेबानं डूख धरला. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेतात जाळायला, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ज्या झाडांचा पाला तोडत होतो त्यांना त्या साली हात लावायची मनाई झाली. लांबच्या डोंगरावरून भारे आणावे लागले. सासरे कोंबड्या आणि मधाची घागर घेऊन माफी मागायला बंगल्यावर गेले. कोंबड्या आणि मध ठेवून घेतला, मनाई काही उठली नाही. आत्तींनाही चल म्हणत होते. त्या गेल्या नाहीत. भारे मात्र त्यांनीच सर्वांत जास्त वाहिले.

बऱ्याच वर्षांनी बेळगावच्या थेटरात तोच सिनेमा परत लागला. मी हट्टानं नवऱ्याला घेऊन गेले. तिथंही बायकांची जागा वेगळी होती, पण पडद्याच्या पुढं. ती जिन्यातली जागा आली तशी मी पुढं सरकून बसले. राजाच्या लेकीनं तलवार उचलली, वळली, चुलत्याकडं बघितलं, आणि कपाळाला हात लावून कोसळली. तलवार गडगडत खाली गेली. तरुण धावत आला.

घंटावाला खरं बोलला होता! माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्यानं कुणी ही गोष्ट रचली होती त्यानं तिला किल्ली चोरायला लावली, अंधारातून उतरायला लावली, तलवार हातात दिली, ती कशासाठी? पाडण्यासाठी? खेळ संपेपर्यंत मी बसले नाही. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

"शेवटासाठी एवढं केलंस, आनि उठून आलीस?" नवरा मागोमाग येऊन म्हणाला.

"शेवट असला असंल तर नगं मला," मी म्हटलं.

घरी आल्यावर आत्तींना सगळं सांगितलं. त्या तेव्हा थकल्या होत्या, ओसरीवर सुपारी सोलत होत्या. त्यांनी सुपारी खाली ठेवली.

"पडली?" त्यांनी विचारलं.

"व्हय आत्ती. पडली."

 आत्ती इतक्या रागावल्या की त्यांना खोकला आला. मी पाणी आणलं. पाठीवरून हात फिरवत बसले, आणि त्या सिनेमावाल्याला माझ्या माहेरच्या भाषेतल्या, तोवर सासरी कधी न उच्चारलेल्या शिव्या एकेक करून घातल्या. आत्ती मान हलवत ऐकत होत्या.