तय्यबची लाल कॉइल

तय्यब परकार पंपांच्या मोटारी बांधायचा. ओमानमध्ये वादी अदाईतल्या आमच्या वर्कशॉपात जळालेला पंप आला की मी तो उघडायचो, बेअरिंग काढायचो, पुन्हा जोडायचो. आतली तांब्याची कॉइल मात्र तय्यबची. इब्राच्या खजुराच्या बागांतले लोक पंप घेऊन यायचे आणि त्यालाच शोधायचे. तार गुंडाळताना तो बोलत नसे. एक वेढा ढिला दिसला तरी सगळी कॉइल उलगडून परत बांधायचा. कुणी बघत नसलं तरीही.

त्याला खोड एकच, सिगरेटची. दापोलीकडे त्याची बायको रईसा दम्याने हैराण. लग्नापासून ती तिकडे आणि हा इकडे. २०१४ साली अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, त्याला फॅमिली व्हिसा मिळवून दिला. वर्कशॉपच्या मागे एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं. रईसा फोनवर म्हणाली, "तुमच्या धुरात मला झोपायचं नाय. सिगरेट सुटली असंल तरच येते."

सिगरेट रमजानात सुटली. दुबईच्या आतेभावाने व्हेप पाठवला होता. स्टीलची नळी, आत एक सेल, खाली बटण, वर नखाएवढी कॉइल. कॉइल तापली की कापसातल्या लिक्विडची वाफ होते. सोबत आलेल्या तयार कॉइली तय्यबने पुरवून वापरल्या. शेवटची जळली तेव्हा रईसाचं विमान दोन दिवसांवर होतं. आमच्याकडच्या दुकानांत तसली कॉइल मिळत नव्हती. समोरच्या किराणा दुकानात सिगरेट मात्र मिळत होती. तय्यब दारात उभा राहून तिकडे बघायचा आणि आत यायचा.

आमच्या ऑफिसात हिशेब बघणारा सलील पुण्याचा, राहायला अल खौदला. तो व्हेप ओढायचा आणि कॉइल स्वतः वळायचा. तय्यब त्याला धूरशेठ म्हणायचा. त्या दिवशी त्याच्याच टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"धूरशेठ, कॉइल कशी वळतात?"

"तय्यबभाई, हे तुम्ही मला विचारताय?"

"चेष्टा नको. तार हाय का तुझ्याकडे?"

"घरी आहे. उद्या आणतो. तोवर काही करू नका."

काही करू नका, हे तय्यबला लागलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने आमच्या रिळातली बारीक तांब्याची तार घेतली. ड्रिलच्या बिटावर वेढे घातले. टोकांचं इनॅमल खरवडलं, पेचाखाली टोकं आवळली. कॉइल इतकी सारखी की मला ती छापल्यासारखी वाटली. मग मीटर लावला. बीप वाजला.

"तानाजी, ऐकलंस? सर्किट पुरं. झाली."

"झाली," मी म्हणालो. आमच्या धंद्यात बीप वाजला की तार कुठे तुटलेली नाही असं समजायचं.

त्याने सेल उचलला, तेवढ्यात सलील आला.

"सेल खाली ठेवा आधी."

"अरे, बीप वाजलाय."

"ओहम किती?"

सलीलने खिशातून काडेपेटीएवढा मीटर काढला आणि कॉइल त्यावर बसवली. आकडा आला: शून्य.

तय्यबला समजावून सांगावं लागलं नाही. शेकडो मेलेल्या मोटारींत त्याने हेच शून्य पाहिलं होतं.

"शॉर्ट," तो म्हणाला.

"आणि या नळीत ट्रिप होणारं काही नाही. बटण दाबलं असतं तर सेल फुटला असता. तुमच्या मुठीत, तोंडासमोर."

तय्यबने सेल दूर लाकडी फळीवर ठेवला, अंडं ठेवावं तसा. स्टुलावर बसला. मग हसायला लागला.

"आयुष्यभर कॉइल तापू नये म्हणून तांबं गुंडाळलं. हिला तर तापायचंच हाय."

"हीटर आहे तो, तय्यबभाई. मोटार नाही."

"मग हीटरची तार दे की बाबा. बघत काय बसलास?"

सलीलची तार कांथलची होती. शेगडीच्या स्प्रिंगला असते तशी, पण दोऱ्याएवढी. ती तांब्यासारखी ऐकत नाही, उसळून परत येते. पहिली कॉइल वाकडी झाली. दुसरीचं टोक पेच जास्त आवळल्याने तुटलं. तिसरी बघून सलील म्हणाला, "चालेल." तय्यबने ती उलगडून टाकली. "नाय चालत. शेवटचा वेढा बघ की."

पुढची जमली. पण वेढे एकमेकांना चिकटवायचे, हे त्याला पटेना.

"उघडी तार, वेढ्याला वेढा? ही तर जळकी कॉइल."

"दाबा अजून. आणि टोकं कापा अगदी पेचाजवळ. बाहेरच्या टोपणाला लागली तर पुन्हा शॉर्ट."

मीटरवर आलं एक पॉइंट चार.

"नवशिक्याने एकच्या खाली जायचंच नाही," सलील म्हणाला.

तय्यबने तोंडी भागाकार केला. "सेल भरलेला चार पॉइंट दोन व्होल्ट. म्हणजे तीन अँपिअर. आणि हा सेल वीस देतो?"

"देतो. पण हा नाही. वेष्टण फाटलंय बघा."

तय्यबचा हात चिकटपट्टीकडे गेला.

"पट्टी नको. हा सेल बाद. माझा घ्या. आणि खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका, डबीत ठेवा."

उजेड कमी करायला मी शटर अर्धं ओढलं. कापूस अजून घातला नव्हता. तय्यबने बटण क्षणभर दाबलं. एक कड लाल झाली, मधला भाग काळाच. बटण सोडून त्याने चिनी मातीच्या टोकाच्या चिमट्याने वेढे हलके आवळले. पुन्हा दाबलं. लाली सरकली. पुन्हा आवळले, पुन्हा दाबलं. या वेळी मधला वेढा आधी पेटला आणि लाली दोन्ही बाजूंना सारखी पसरत गेली. तय्यबने बटण सोडलं.

शटरखालून वाकून आमचा ओमानी अर्बाब हसन आत आला.

"यल्ला तय्यब, मोटर किधर?"

"अर्बाब, इधर देखो. लाल."

हसन वाकला. "लाल तो खराब है ना?"

"ये वाला लाल अच्छा है."

हसनने स्वतः बटण दाबून पाहिलं. मोटारीचं पुन्हा काही विचारलं नाही.

कॉइल गार झाल्यावर कापूस. तय्यबने तो मोटारीच्या खाचेत कागद ठासावा तसा ठासला. सलीलने काढायला लावला. कापूस सरकताना जरा अडला पाहिजे, इतकाच. मग लिक्विड. ते मुरू दिलं. तय्यबने एक झुरका घेतला, वाफ सोडली आणि दाराकडे गेला. मला वाटलं, किराणा दुकानाकडे बघतोय. तो शटर वर करत होता.

"चला, अर्बाबची मोटार राहिलीये," तो म्हणाला. ती त्याने संध्याकाळपर्यंत बांधून दिली.

शुक्रवारी मी त्याला पिकअपने विमानतळावर नेलं. रईसा बाहेर आली, सामान खाली ठेवलं, सलाम केला आणि त्याच्या शर्टाची कॉलर नाकाशी धरली. लोक बघत होते. तिने बाही हुंगली, मग हात हुंगला.

"वास नाय," ती म्हणाली. मग खिशावर बोट टेकवून म्हणाली, "ह्या नळीत काय?"

तय्यबने सांगितलं.

"म्हणजे एक सोडलीत आणि एक धरलीत."

"लिक्विड हळूहळू कमी कडक करत जाईन. मग हीही बंद."

"आणि तवर?"

"खोलीत नाय आणणार. तानाजीच्या पेटीत राहील."

"राहील," मी म्हणालो.

ती मागच्या सीटवर बसली, तय्यब तिच्या शेजारी. गाडी सुटली तसा तो सुरू झाला. तांबं कसं फसवतं, शून्य म्हणजे काय, मधला वेढा आधी कसा पेटतो. हातवारे मला आरशात दिसत होते. डोंगर सुरू झाले तरी तो थांबला नव्हता.

रईसाने त्याचा हात धरून खाली ठेवला.

"आधी मला डोंगर बघू द्या," ती म्हणाली. "कॉइल उद्या दाखवा. बाहेर."