वहिनींची करवंटी आणि माझं मोजपात्र

मे महिन्यात रत्नागिरीला जाऊ नये, असं मला चार जणांनी सांगितलं. उकाडा असतो, लॉज भरलेले असतात, आंबे महाग असतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी मी गेले, कारण माझं काम फणसाशी होतं.

ज्यांच्या घरी लाल कव्हरचं ते कोकणी पाककृतींचं पुस्तक आहे, त्यांना वहिनी माहीत असतील. रत्नागिरीत खानावळ चालवणाऱ्या, सातवी शिकलेल्या बाई. त्यांच्या पुस्तकात कप नाही, ग्रॅम नाही. सगळं माप करवंटीचं. एक करवंटी कण्या, अर्धी करवंटी गूळ. त्यावर माझ्या पिढीतल्या कितीतरी जणी स्वयंपाक शिकल्या. आता मोठ्या हॉटेलांतले शेफही त्यांना गुरू म्हणतात. पुस्तक मात्र बरीच वर्षं मिळत नाही. मध्यंतरी एका शेफने मुलाखतीत सांगितलं, ‘आम्ही पुन्हा छापायला तयार आहोत, पण वहिनीच नको म्हणतात.’

मी निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका. मला कारण उघड दिसलं: माप नक्की नाही. त्यांची मूळ करवंटी एकदा मोजून घेतली की प्रश्न संपला. माझी स्वतःचीही तक्रार होती. पुस्तकातल्या बाकी कृती जमल्या, पण सांदण, म्हणजे फणसाच्या रसातली वाफवलेली गोड इडली, तीस वर्षांत एकदाही जमलं नाही. कधी वीट, कधी खळ.

रत्नागिरीत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने वहिनींच्या सुनेचा नंबर दिला. मनीषा फोनवर म्हणाली, “या की. पण पुस्तकाचं काढू नका हां. आई गप्प होतात.”

मोजपात्र पंच्यात गुंडाळलं आणि कोल्हापूरहून सकाळी सहाची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, गाडीची गरज नाही. आंबा घाटाच्या पुढे रस्त्याचं काम चालू आहे. पाच तास धरा. साखरप्याला चहा घ्या, भजी घेऊ नका. माझी तरी गार होती. स्टँडजवळ पंख्याची साधी खोली मिळाली. चादर स्वच्छ होती, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर गेले. जायचं तर सातच्या आत जा, लिलाव पाहायला मिळतो. चपला जुन्या घाला. रिकाम्या हाताने कुणाकडे जाऊ नये म्हणून मासे घ्यायला एका बाईंपुढे उभी राहिले.

“वहिनींकडं जाताय? मग बांगडे न्या,” त्या म्हणाल्या. “सुरमई नेलात तर म्हणतील, मुंबईवाल्यांचा मासा आणलात.”

“भाव काही कमी?”

“वहिनी कधी भाव करत नायत.”

“म्हणजे तुम्ही वाजवी सांगता?”

“त्यांना सांगते!” शेजारच्या दोघी खो खो हसल्या. त्यांनी सांगितले तेवढे पैसे मी दिले.

भाट्याचा पूल ओलांडला की डाव्या हाताला खाडी आणि उजव्या हाताला समुद्र सुटतो. रिक्षाने दहा मिनिटं. चिऱ्याचं बैठं घर, मागे माड. पडवीत वहिनी फणस फोडत बसल्या होत्या. ऐंशी पार केलेल्या, हाताला खोबरेल माखलेलं, कोयता अजून सरळ चालणारा.

“बांगडे आणलात? मिरकरवाड्यातून? बसा हो बाई.”

मी बसले आणि मनीषाने बजावलेलं विसरून सरळ विचारलं, “वहिनी, पुस्तकातली ती करवंटी दाखवता? मोजायची आहे.”

त्यांचा कोयता थांबला. “ती नाय आता. पुस्तक छापायच्या आधीच मांजराने पाडलीन. दोन तुकडे.” मग हळूच म्हणाल्या, “म्हणून तर नको म्हणते छापायला. चुकीचं पुस्तक आहे ते.”

“कोण म्हणालं?”

“काय गो मनीषा, तो डबा आण.”

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वाचकांची पत्रं होती. बहुतेक कौतुकाची. त्यांनी मात्र तळातलं एक निळं आंतर्देशीय काढलं. घडीवर घडी पडून फाटायला आलेलं. चष्मा न लावताच त्या म्हणाल्या, “‘आपले प्रमाण शास्त्रशुद्ध नाही. अशा पुस्तकाने गृहिणींची दिशाभूल होते.’ शिकलेल्या बाईंनी लिहिलंन. खरंच असणार.”

अक्षर मी ओळखलं. ते माझं होतं.

वर्गात मी मुलींना सांगत असे, चूक झाली तर उभं राहून सांगावं. मी उभी राहिले आणि सांगितलं: पहिलं सांदण बिघडलं तेव्हा रागात लिहिलं आणि विसरूनही गेले होते. मनीषा दारात थिजली. वहिनींनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमी होय त्या?” म्हणाल्या. “बसा. तुमचं सांदण का बिघडलं ते बघू.”

सकाळच्या नारळाची करवंटी त्यांनी उचलली, डोळे नसलेली अर्धी. कडा पायरीवर घासल्या. मी पाणी भरून मोजलं: एकशे सत्तर मिलीलिटर. दुसरी मोठी शोधून आणली: सव्वादोनशे भरली.

“बघा! एवढा फरक,” मी म्हणाले. “मग खरी कुठली?”

“मला काय विचारता? दोन्हींनी करू.”

दोन पातेली मांडली. एकात लहान करवंटीने कण्या, तिनेच रस, तिनेच गूळ आणि नारळाचं दूध. दुसऱ्यात सगळं मोठीने. दोन तास भिजवलं, मग वाफवलं. तोवर बांगड्यांचं तिरफळ घातलेलं कालवण आणि भात जेवलो.

झाकण काढलं. दोन्ही सांदणं सारखीच फुललेली, पिवळी, बोटाने दाबली की परत वर येणारी. एका पातेल्यात चार जास्त, एवढाच फरक.

वहिनींनी विचारलं, “घरी तुमी रस कशाने मोजायचात?”

“मोजपात्राने, दरवेळी दोनशे मिलीलिटर. करवंटी सच्छिद्र असते, रस शोषून घेते, म्हणून.”

“आणि कण्या?”

“करवंटीने. हाताला लागेल त्या.”

बोलता बोलता माझं मलाच कळलं. पस्तीस वर्षं मी फळ्यावर प्रमाण शिकवलं होतं. एकास एक म्हणजे माप कुठलंही चालेल, फक्त दोन्हीकडे तेच हवं. वहिनींना हे शिकवायला कुणी लागलं नव्हतं. त्यांच्या खानावळीत करवंट्या फुटत राहिल्या आणि सांदण तसंच होत राहिलं.

“पुस्तक बरोबर आहे,” मी म्हणाले. “पहिल्यापासून बरोबर होतं.”

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मनीषाला म्हणाल्या, “वाफ लागली गो.”

मी ते पत्र परत मागितलं, फाडून टाकण्यासाठी. त्यांनी दिलं नाही. “पत्राला उत्तर लागतं. खाली लिहा.” पर्समध्ये अजून लाल पेन असतं. लिहिलं: ‘चूक माझी. प्रमाण शास्त्रशुद्ध आहे.’ खाली सही केली. वहिनींनी मनीषाकडून ते दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. मग म्हणाल्या, “त्या शेफला फोन लाव. छाप म्हणावं. सगळं एकाच करवंटीने मोजा, एवढं फक्त पहिल्या पानावर घाला.”

निघताना त्यांनी विचारलं, “मग बाई, मार्क किती?” मी म्हणाले, घरी करून बघते, मग सांगते. सवय जात नाही.

परतीच्या एसटीत माझ्या पायाशी अर्धा फणस होता. कंडक्टर म्हणाला, “मावशी, याचं पण अर्धं तिकीट काढू काय?” साखरप्यापर्यंत सगळी गाडी त्या वासाने भरली होती आणि एकानेही तक्रार केली नाही.

गणपतीपुळे पाहिलं नाही, किल्ला पाहिला नाही. त्यांची माहिती इतरत्र भरपूर आहे.

रविवारी सांदण केलं. हाताला लागली ती करवंटी घेतली, सगळं तिनेच मोजलं. मोजपात्र कपाटात राहिलं. झाकण काढलं, बोटाने दाबून पाहिलं, आणि भाट्याला फोन लावला.

“वहिनी, पैकीच्या पैकी.”

नोकरीत एवढे मार्क मी कुणालाही दिले नव्हते.