हो वाटो कोणाचो?

वाटेमामांना घाई म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. रापणीचं लांबलचक जाळं किनाऱ्यावर ओढून झालं, त्यातली मासळी वाळूवर ओतली, वर घारी फिरू लागल्या, तरी मामा उकिडवे बसून वाटेच लावत असत. या वाट्यातली एक तारली उचलून त्या वाट्यात टाकायची, मान तिरकी करून बघायचं आणि तीच तारली पुन्हा पहिल्या वाट्यात ठेवायची. उन्हात तापलेलं कुणी कुरकुरलंच, तर म्हणत, "तुका घाई आसा. माशांक नाय. ते मेले."

होडीचा आणि जाळ्याचा वाटा आधी बाजूला निघे. मग दोरी ओढणाऱ्या प्रत्येकाला एकेक. पण आपला वाटा निवडायची सोय नव्हती. एकजण माशांकडे पाठ करून उभा राही. मामा एका वाट्यावर बोट ठेवून विचारत, "हो वाटो कोणाचो?" पाठमोरा माणूस तोंडाला येईल ते नाव घेई आणि वाटा त्याचा होई. त्या नावांत मामांचंही एक असे.

या किनाऱ्यावर मी आलो तो शत्रूपक्षाकडून. तुयेच्या कारखान्यात नोकरी, सुट्टीच्या दिवशी हातात परदेशी गरी, म्हणजे गळाची काठी, अंगात बारा खिशांचं जाकीट. पेडण्याचे तीन-चार मित्र माझ्यासारखेच हौशी. खाडीच्या तोंडावर आम्ही तासन् तास उभे राहत असू आणि मासे आम्हाला हिंग लावून विचारत नसत.

एका सकाळी मात्र माझी गरी अशी वाकली की एवढा मोठा मासा चणकच असणार म्हणून मी "चणक! चणक!" अशी बोंब ठोकली. मित्र मोबाइलवर चित्रण करू लागला. मी वाळूत टाचा रोवून जिवाच्या आकांताने ओढत होतो. पाण्यातून वर आलं ते रापणीचं जाळं. मी ते चांगलं हातभर फाडलं होतं. त्या दिवशीची मासळी तिथूनच निसटली.

रापणीचा म्होरक्या बाबनी धावतच आला. "आमी पोटाक मारतो, हे हौसेन मारतत! ह्येंका हय पाय ठेवूक दिवचो नाय!" माझा मित्रही तडकला, "दर्या काय तुझ्या बापाशीचो?" दोन्हीकडून बाह्या वर सरल्या. माझ्या जाकिटाला बाह्याच नव्हत्या, म्हणून मी मित्राच्या मागे उभा राहिलो.

मामा फाटक्या जाळ्याजवळ बसले. आधी त्यांनी फाटलेलं किती ते बोटांनी चाचपलं. मग म्हणाले, "दर्यो कोणाचोच नाय. पण पोटाचो वाटो आदी, हौशेचो मागीर." सकाळी रापण पुरी होईपर्यंत गरी पाण्यात टाकायची नाही. सांजवेळ गरीवाल्यांची, तेव्हा जाळं उतरणार नाही. गरीवाल्याने एका चुलीपुरतं न्यावं, जास्त मिळालं तर रापणीच्या वाट्यात घालावं. "आनी सकाळचे येतल्यात, तर दोरी वढा. वढता तेका वाटो."

चुलीपुरतं नेण्याचा नियम मी आजवर मोडलेला नाही. यात माझ्या सचोटीचा काही संबंध नाही.

दोरी मात्र ओढली. पहिल्या दिवशी हाताला असे फोड आले की दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी पेनसुद्धा चिमट्यात धरावं तसं धरलं. तरी जात राहिलो. जाताना पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव नेई, निदान त्यामुळे तरी माझं स्वागत होई. पुढे मामांनी पाठ करायचा मान मलाच दिला. मी फुशारून कारण विचारलं. "तुका बांगड्याबगर मासो वळखूक येणा नाय. खयचो वाटो बरो, तां तुका बघूनय कळाचां नाय. तुझ्याएदो निपक्षपाती माणूस माका खय गावतलो?"

गेल्या हंगामाआधी मामा गेले. बाबनी अधूनमधून म्हणायचा, "मामा आसत थयसर ह्यो करार, मागीर नाय." म्हणून हंगामाच्या पहिल्या रापणीला आम्ही गरीवाले गरी गाडीतच ठेवून, पाहुण्यांसारखे लांब उभे राहिलो. दोरीला हात लावायचा धीर होईना.

"काय रे, दोरी कोण वढतलो? तुजो आजो?" बाबनी ओरडला. आम्ही धावलो.

वाटे बाबनीने लावले. तोही एक तारली इकडून तिकडे, तिकडून इकडे करत होता. मग त्याने माझ्याकडे न बघताच हात केला. मी पाठ करून समुद्राकडे तोंड केलं.

"हो वाटो कोणाचो?"

एकेक नाव घेत गेलो. घेता घेता सवयीने तोंडातून निघून गेलं, "मामांचो."

 मला वळून बघायची छाती झाली नाही. डोळे भरून आले होते आणि समोरचा समुद्र नीट दिसत नव्हता.

"बरोबर," बाबनी म्हणाला. "मामीक पोचवया. फुडलो कोणाचो?"