गाठ मारलेलं गवत

माझं माहेर बेल्ह्याकडचं. तिथे जमिनीला नावं थोडीच. उंचावरचा, मुरमाड, जनावरांनी कुरतडलेला तो माळ. पाणी मुरून जिथे दोन दिवस हिरवं राहतं ते लवण. आणि सगळ्या गावाच्या जनावरांचं ते गायरान. एवढ्यात आमचं भागायचं. घाटघरच्या अलीकडे, मावळात, माझं लग्न ठरू लागलं तेव्हा तिकडचे शब्द प्रथम कानावर आले. भाताचं ते खाचर, उताराचं ते वरकस आणि दसऱ्यापर्यंत गवत वाढवायला बंद ठेवलेलं कुरण म्हणजे राखण. मला हे शब्द आवडले. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मात्र मनात शंकेची पाल चुकचुकली. "एका गवताला इतकी नावं कशाला? बाजारात ज्या बैलाचं लई कौतुक त्यो हटकून लंगडा असतोय."

आबांची हयात गुरांच्या बाजारात गेली होती. बैलाचे दात ते स्वतः मोजत, आणि मोजून झाल्यावर विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत. जुन्नरपर्यंत एस.टी. येऊ लागली होती, पण पुढे बसलेल्या अनोळखी माणसाच्या हातात आपला जीव कसा द्यायचा, म्हणून ते गाडीबैलानेच फिरत. त्यात हे स्थळ आणलं होतं मामांनी, आणि मेव्हण्याने आणलेलं स्थळ म्हणजे आबांच्या लेखी आधीच अर्धं खोटं.

मामांनी मला ओझरला गणपतीच्या दर्शनाला म्हणून नेलं. गाडी आमचीच, बैलही आमचेच. आबा आले नाहीत; आधी जमीन बघीन, मग मुलगा, असं त्यांचं म्हणणं. देवळाबाहेर मुलाच्या आईने मला पाहिलं, दोन-चार गोष्टी विचारल्या, आणि आमच्या दारापुढंच कुरण आहे, असं सहज सांगितलं. मुलगा तोवर आमच्या बैलांना पाणी पाजत होता. एका बैलाचं शिंग खाली वळलेलं होतं. ते हाताने चाचपून तो हसला. मला तो आवडला. घरी येऊन हे मी कुणाला सांगितलं नाही, पण सारखी मामांच्या निरोपाची वाट पाहत राहिले.

भादव्यात आबा एकटेच निघाले. आमच्याकडे पाऊस ओढला होता, म्हणून जनावरांना चारायला जागा शोधतो, असं सांगून. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा प्रकार. चौथ्या दिवशी परत आले ते मान हलवतच. कुरण होतं, गवत कमरेइतकं होतं, पण चारी कडांना काठ्या रोवून त्यांवर गवताच्या गाठी मारलेल्या होत्या. आमच्याकडे वावरात अशी खूण दिसली की समजायचं, भाऊबंदकी पेटली आहे आणि पंचांचा निकाल लागेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही. आबांनी खात्री करायला शिंगवळ्या बैलाला मुद्दाम आत सोडलं. जमीन वादातली असेल तर दोन बाजूंनी दोघं धावत येतील, हा त्यांचा हिशेब. दोघं आले नाहीत. एक तरणा गडी आला, त्याने मुकाट्याने बैल बाहेर काढला, ओढ्यावर पाणी पाजलं, दावं आबांच्या हातात दिलं आणि निघून गेला.

"ज्याची जमीन असती त्यो आधी शिव्या देतो," आबा म्हणाले. "तिथं कुनाचाच हक्क न्हाई. पोरगी द्यायची न्हाई." मी गोठ्यात जाऊन त्या बैलाच्या मानेवर डोकं टेकून रडले. तो गवताचा वास तोंडात घेऊन आला होता, आणि मला त्याचाही राग आला.

नकार ऐकून मामा तणतणत आले. त्या गाठी म्हणजे राखणीची खूण, हे त्यांनी आबांना समजावलं. श्रावणात गाठ पडली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत आत जनावर जायचं नाही, मग ते मालकाचं का असेना. जो मोडेल त्याने देवीला नारळ द्यायचा आणि गावाचा फुटलेला बांध एकट्याने घालून द्यायचा. बैल काढायला आलेला गडी म्हणजेच नवरा मुलगा. वळलेलं शिंग पाहून त्याने बैल ओळखला, आणि बैलावरून धनीही. गावाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, बैल माझ्या पावण्याचा आहे, दंड माझा. सगळ्यांच्या देखत त्याने चिखलात उभं राहून बांध घातला.

आता तरी आबा विरघळतील, असं मला वाटलं. ते सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "वळखलं व्हतं तर तोंडानं का न्हाई बोलला? मानूस गप बसतो तवा कायतरी लपवत असतोय."

वडिलांसमोर मुलीने आपल्या लग्नाबद्दल बोलायची रीत नव्हती. पण माझा संताप उफाळून आला आणि मी दारातून म्हणाले, "आबा, तुमी तरी कुठं सांगितलं व्हतं, तुमी कोन ते?"

आईने माझा हात धरला. आबा माझ्याकडे बघत राहिले. बाजारात दात मोजून झाल्यावर बघायचे तसे, तोंडाकडे. मग उठून बैलांना वैरण टाकायला गेले. सकाळी त्यांनी मामांना एवढंच सांगितलं की, दसरा झाल्यावर त्या लोकांना बोलवा, गवत कापून झालं की.

लग्न वैशाखात झालं. पुढच्या श्रावणात सासूबाईंनी मला गाठ मारायला शिकवली: उभ्या गवताची जुडी काठीभोवती दोनदा फिरवायची आणि शेंडा आत खोचायचा. ओढ्याकडच्या चार काठ्या माझ्या वाट्याला आल्या.

भादव्यात आबा मला भेटायला आले. घराची वाट कुरणाच्या कडेने होती, पण गाडी कुरणाच्या अलीकडेच थांबली. मी धावत गेले. दोन्ही बैलांच्या तोंडाला मुसकी बांधलेली होती. मळणीत कणसं खाऊ नयेत म्हणून बांधतात ती, आणि जुन्नर सोडल्यापासूनच बांधली आहेत, असं आबा म्हणाले. माझा नवरा मागून आला, त्याने ते पाहिलं आणि तो बैलांकडे गेला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्या पहिल्या काठीजवळ गेले आणि गाठ बोटाने चाचपू लागले.

"ही तू मारलीस?"

मी हो म्हटलं.

"लई सैल हाय, पोरी. उद्या एखादा माझ्यासारका ईल आनि आत बैल सोडंल," असं म्हणत ते खाली बसले आणि त्यांनी ती गाठ स्वतःच्या हाताने पुन्हा बांधली.