हाल्लाच्या बाळंतपणाचा हिवाळा

इर्या माझी नणंद. माझ्या नवऱ्याची, एर्कीची, धाकटी बहीण. लग्न होऊन मी उत्तर फिनलंडमधल्या कोर्पीवाराला आले तेव्हा ती गावाबाहेरच्या प्राणिसंग्रहालयात नुकतीच कामाला लागली होती. पहिल्याच दिवशी जेवायला शेजारी बसली, तर अंगाला माशांचा असा काही वास की मी मनात म्हटलं, हिच्याशी आपलं जमायचं नाही. पण जमलं. वासाचं म्हणाल, तर पुढे मलाही तो येईनासा झाला, कारण मीच त्या प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाशी कॉफीचं दुकान चालवायला घेतलं.

आमचं प्राणिसंग्रहालय लहानसंच. रेनडिअर, लांडगे, कोल्हे, घुबडं आणि पांढऱ्या ध्रुवीय अस्वलांची जोडी. लोक लांबून येतात ते या जोडीसाठी. त्यातली मादी हाल्ला. ती आमच्याकडे आली तेव्हा लहानच होती, आणि पहिल्या दिवसापासून इर्याच्या हाताखाली होती. हाल्लाची आई रशियाच्या उत्तर किनाऱ्यावर पोरकी सापडलेली, त्यामुळे युरोपातल्या बाकीच्या अस्वलांशी हिचं जवळचं नातं नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. प्राणिसंग्रहालयांतल्या अस्वलांच्या सोयरिकी जुळवणारं एक मंडळ असतं. कोण कुणाचा मावसभाऊ, कुणाला पिल्लं होऊ द्यायची, कुणाला नाही, हे सगळं तेच ठरवतं. हाल्लासारख्या नव्या रक्ताच्या मादीला मागणी होती. तिच्यासाठी थेट हॉलंडहून योरिस नावाचा नवरा आला.

"घरजावई आला बघ तुझा," मी इर्याला म्हटलं.

"घरजावई असो नाहीतर राजा असो," ती म्हणाली, "माझ्या घरात पाय पुसून यायचं."

दोघांचं छान जमलं. पण संसार पुढे सरकेना. पहिल्या बाळंतपणात एक पिल्लू झालं, ते गेलं. दोन वर्षांनी दोन झाली, तीही गेली. ध्रुवीय अस्वलाची मादी बाळंत व्हायला अंधाऱ्या गुहेत शिरते, आमच्याकडे तिच्यासाठी गवत अंथरलेली सिमेंटची खोली होती. आत काय झालं ते कुणी पाहिलेलं नसतं. घाबरलेली आई पिल्लांना टाकते, कधी त्याहून वाईट करते. आमचे जनावरांचे डॉक्टर पेत्तेरी त्याबद्दल काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. इर्या मात्र त्या दोन्ही हिवाळ्यांनंतर वर्षभर नीट हसली नाही.

तिसऱ्यांदा हाल्ला आणि योरिस एकत्र आले, त्या उन्हाळ्यात मंडळाच्या मेरेते नावाच्या बाई डेन्मार्कहून आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात आमच्यासारखेच रबरी बूट. त्यांनी सगळं फिरून पाहिलं आणि माझ्या दुकानात कॉफी प्यायला बसल्या. त्यांनी तोडक्या इंग्रजीत, पण स्पष्टच सांगितलं: हाल्लाचं वय होत चाललंय. या वेळी पिल्लू जगलं नाही तर योरिसला दुसरीकडे पाठवावं लागेल आणि हाल्लाचा विचार पुन्हा होणार नाही.

"ती आत असताना तुमचा दिवस कसा जायचा?" त्यांनी इर्याला विचारलं.

"तिच्यापासूनच सुरू व्हायचा," इर्या कौतुकाने म्हणाली. "सकाळी उठले की आधी तिच्या दाराशी. राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा फटीतून आत टाकायचा. हाक मारायची, हाल्ला, बरी आहेस ना गं? एकही सकाळ चुकवली नाही मी."

मेरेतेबाईंनी कप खाली ठेवला. "आणि ती काय करायची?"

"उठून दाराशी यायची. माझा आवाज ओळखते ना!"

बाई हळूच म्हणाल्या, "इर्या, बर्फात राहणाऱ्या आईच्या दाराशी महिनोन् महिने कुणीही येत नाही. आलंच कुणी, तर ते पिल्लू खायलाच आलेलं असतं. ती तुला ओळखते, पण उठते. पिल्लं उघडी पडतात, गारठतात. मी तरुण होते तेव्हा मीही हेच केलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तुला सांगते."

इर्या उठली आणि मागे जाऊन माशांच्या बादल्या घासायला लागली. त्या आधीच स्वच्छ होत्या. बऱ्याच वेळाने मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"सिर्का," ती बादलीत बघत म्हणाली, "माझा आवाज इतका वाईट आहे का गं?"

"गाताना आहे."

ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

इर्या प्राणिसंग्रहालयाच्याच घरात राहायची आणि ते घर अस्वलांच्या कुंपणाला अगदी लागून. तिचा कुत्रा मुस्ती कावळा दिसला तरी भुंकणार. सरपण फोडायचं, वाफेच्या अंघोळीचा सौना तापवायचा, दारातला बर्फ खरवडायचा, सगळा आवाज भिंतीपलीकडे. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "मी मार्चपर्यंत इथून हलते. पण जाऊ कुठे?"

"कुठे म्हणजे?" मी म्हटलं. "मी मेलेय का?"

एर्की जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. मी त्याची खोली बंद करून ठेवली होती, स्वयंपाकघरात रेडिओ लावून एकटीच जेवायची. हे मी तिला सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं.

पण एकटी इर्या हलून भागणार नव्हतं. हिवाळ्यात आमच्याकडे जो तो स्नोमोबाइलवर, बर्फावरच्या स्कूटरवर, फिरतो आणि त्यांचा रस्ता तळ्याच्या अलीकडून, कुंपणालगत जातो. शिवाय नवीन वर्षाचे फटाके. म्हणून पेत्तेरींनी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गाव बोलावलं. बोलायला उभी राहिली इर्या, जिला चार माणसांसमोर वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचीही लाज वाटायची.

स्नोमोबाइलवाल्यांचा म्होरक्या आर्मास. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही.

"म्हणजे अस्वलीण बाळंत होणार म्हणून आम्ही सगळ्यांनी तळ्याला वळसा घालायचा?" त्याने विचारलं.

"हो," इर्या म्हणाली.

"फटाकेही नाही?"

"नाही."

"श्वास घेतला तर चालेल का?"

सगळा हॉल हसला. इर्या कानापर्यंत लाल झाली. मला वाटलं, आता ही खाली बसणार. पण ती बसली नाही.

"आर्मास, मागच्या दोन्ही वेळी गोंगाट मीच केला," ती म्हणाली. "प्रेमाने केला, पण केला. पिल्लं गेली ती कदाचित माझ्यामुळे. म्हणून मी माझं घर सोडतेय. तुम्हाला मी फक्त रस्ता सोडायला सांगतेय."

हसू थांबलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आर्मासची आई, म्हातारी हिल्मा, काठी टेकत मागे वळली.

"आर्मास, तू सौनात जन्मलास."

"आई, इथे नको."

"इथेच! मी आत कळा देतेय आणि तुझा बाप छपरावर चढून बर्फ पाडतोय. धप्प, धप्प. मी आतून ओरडले, खाली उतर मेल्या, नाहीतर हे पोर काही बाहेर येत नाही! तो उतरला, आणि तू आलास. त्या बिचारीला तर ओरडून सांगताही येत नाही."

लोक डोळे पुसेपर्यंत हसले. आर्मास टोपी हातात फिरवत राहिला. "वळसा बराच पडेल," एकदा पुटपुटला. आणि मग, "पडेल तेवढा पडेल." पहिला बर्फ धरला तेव्हा त्याने आपल्या माणसांना घेऊन रस्त्याच्या खुणेच्या काठ्या उपटल्या आणि तळ्यापलीकडून नव्याने रोवल्या. पेट्रोल त्याचं स्वतःचं.

हाल्ला खाऊन खाऊन गोल झाली होती. ऑक्टोबरात ती आत गेली, दार लागलं. पोटात पिल्लं आहेत की नुसती चरबी, हे कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. आत एक मायक्रोफोन होता, त्याचा आवाज फाटकाजवळच्या कचेरीत पेत्तेरींना ऐकू यायचा. इर्याला त्यांनी प्राणिसंग्रहालयाच्या दुसऱ्या टोकाला, लांडगे-रेनडिअरांकडे काम दिलं.

माझ्याकडे ती राहायला आली ती मुस्ती, एक पेटी आणि पावासाठी आंबवलेल्या राय पिठाचं मडकं घेऊन. पहिले काही दिवस आम्ही एकमेकींच्या पायात पायात आलो. ती पहाटे उठणार, मी उशिरा. ती कपाटं उघडी टाकणार, मी मागून लावणार. हातांना काम नाही म्हणून तिने पाव भाजायला घेतले, इतके की शेजारीपाजारी मला रस्त्यात बघून दिशा बदलायला लागले.

"इर्या, विचार तरी पेत्तेरींना काय चाललंय ते," मी म्हणायची.

"असेल काही तर सांगतील," ती म्हणायची, आणि आणखी पीठ मळायला घ्यायची. त्या मळण्यावरून मला तिचं मन कळायचं.

सहा डिसेंबर, आमचा स्वातंत्र्यदिन आला. खिडकीत निळ्या-पांढऱ्या मेणबत्त्या लावायची वेळ झाली. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य उगवतच नाही, दुपारीही बाहेर निळसर अंधार. पेत्तेरी दारात येऊन उभे राहिले. बूटही काढले नाहीत.

"आवाज येतोय," ते म्हणाले.

इर्याचे हात कणकेने भरलेले. "किती?"

"दोन असावेत."

ती तशाच हातांनी बाकावर बसली. मी कॉफी टाकली. थोड्या दिवसांनी पेत्तेरी पुन्हा आले, या वेळी बूट काढून, आणि त्यांचा चेहरा बघूनच आम्हाला कळलं.

"आता एकच ऐकू येतंय."

इर्याने मान हलवली. "आणि आई?"

"पाजतेय. उठलेली नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना कचेरीत बोलावलं आणि इर्याच्या कानांवर हेडफोन चढवला. तिने डोळे मिटले. बराच वेळ ती हललीच नाही. मग हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवला. आत घुरघुर चालली होती, सलग, एका सुरात, जणू तळ्याच्या पलीकडे कुणी लहानसं इंजिन चालू ठेवून विसरून गेलंय. पिल्लू दूध पिताना असं गातं म्हणे. त्याच्याखाली हाल्लाचा जड, शांत श्वास.

त्या वर्षी गावात एकही फटाका उडाला नाही. पोरांनी बादल्यांत पाणी गोठवून बर्फाचे कंदील केले आणि दारोदार आत मेणबत्त्या ठेवल्या. पेत्तेरी सांगत होते, नवीन वर्ष लागलं तेव्हा मायक्रोफोनवर घुरघुरीशिवाय काही नव्हतं.

मार्चमध्ये दार उघडलं. निम्मं गाव कुंपणापासून लांब, टेकडीवर उभं होतं. हिल्माला स्लेजवर बसवून आणलं होतं. आधी हाल्लाचं नाक बाहेर आलं, मग ती आली. पिवळट, सुकलेली, हाडं दिसत होती. इर्या सगळ्यांच्या मागे उभी होती. "कित्ती वाळलीय गं," ती पुटपुटली. आणि मग हाल्लाच्या पायांमधून एक गुबगुबीत पिल्लू बाहेर पडलं, उन्हात त्याने डोळे मिचकावले, आणि उतारावर घरंगळत खाली गेलं. आई मागे धावली. टेकडीवर कुणी टाळी वाजवली नाही, कुणी ओरडलं नाही. आर्मास मात्र हातमोज्यात तोंड खुपसून हुंदके देत होता आणि आवाज होऊ नये म्हणून आईकडून चिमटे खात होता.

दुसऱ्या दिवसापासून इर्याने घरोघर फिरायला सुरुवात केली. प्रत्येक दारात एक पाव आणि दोन शब्द. आमच्याकडे आभार मानायची फारशी रीत नाही, लोक अवघडायचे. "मी काय केलं? काहीच नाही केलं," म्हणायचे. "तेच तर," इर्या म्हणायची. "ते करणं किती कठीण असतं, मला ठाऊक आहे." मेरेतेबाईंना तिने फोन केला. तिला डॅनिश येत नाही, त्यांना फिन्निश येत नाही, दोघींचं इंग्रजी तोडकंमोडकं. फोनवर दोघी बराच वेळ नुसत्या हसत होत्या.

पिल्लू मादी निघाली. नाव ठेवलं पिरी, म्हणजे हिमवादळ. आईपासून वेगळी राहण्याइतकी मोठी झाल्यावर मंडळाने तिचं ठिकाण ठरवलं आणि ती जर्मनीला गेली. इर्या तिच्या पिंजऱ्यासोबत विमानतळापर्यंत गेली, परत आली तेव्हा खुशीत होती. "चांगलं मोठं तळं आहे तिथे," म्हणाली, "आणि माणसं समजूतदार वाटली." पिरीला पुढे पिल्लं होतील की नाही, झाली तर जगतील की नाही, कुणाला सांगता येणार नाही. हाल्लाला पुढे आणखी एक झालं, तेही जगलं. आता ती म्हातारी झालीये, दुपारभर पोटावर लोळत असते.

पिरी बाहेर आली त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इर्याने पेटी भरली होती, घरी परत जायला. माझ्या स्वयंपाकघरात बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. एक बांधली, दुसरी हातात धरून तशीच बसली.

"ते घर गारठलं असेल," ती म्हणाली.

"असणारच."

"मुस्तीला तुझ्या चुलीशेजारची जागा फार आवडलीये."

"मग बिचाऱ्याला कशाला त्रास?" मी म्हटलं.

तिने नाडी सोडली. एवढंच झालं. त्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मागच्या शरद ऋतूत ती निवृत्त झाली. आता सकाळी ती पाहुण्यांच्या फाटकातून आत जाते, हाल्लाकडे लांबूनच एक नजर टाकते आणि माझ्या दुकानात येऊन बसते. मी एर्कीच्या खोलीचं दार आता लावत नाही. आत तिच्या लोकरीचे गुंडे पडलेले असतात, आणि कपाट उघडंच असतं.