मास्तरांची कवळी

कवळीमास्तर माणसाचा चेहरा लक्षात ठेवत नसत, जबडा ठेवत. एकदा मिरज स्टेशनवर एका फेटेवाल्या म्हाताऱ्याने त्यांना हात जोडले. मास्तरांना काही केल्या ओळख पटेना. मग म्हातारा हसला आणि मास्तर ताडकन म्हणाले, "आवं, कडेगावचं न्हवं तुमी? वरची माझी हाय. खालची कुणाकडनं केली?" म्हातारा ओशाळला. खालची कवळी त्याने सांगलीत दुसऱ्याच कुणाकडून तरी करून घेतली होती. गाडी येईपर्यंत मास्तर त्याच्याशी धड बोलले नाहीत.

मी मिरजेत दातांची डॉक्टर आहे. तीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून माझी कंबर कामातून गेली, आणि आता नवीन पेशंट खुर्चीत बसला की उत्साहाऐवजी आधी जांभई येते. पण मी नवीन होते तेव्हा मला कवळीचं माप धड घेता येत नव्हतं. ते मला मास्तरांनी शिकवलं. खरं तर ते टेक्निशियन. मी माप पाठवायचं आणि त्यांनी कवळी करून द्यायची, एवढंच आमचं नातं असायला हवं होतं. पण माप चुकलं की ते स्कूटरवरून स्वतः यायचे, जेवणाच्या डब्यातून मी घेतलेल्या मापाचा प्लास्टरचा जबडा काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "डॉक्टरबाई, ह्यो माणूस जल्मला तवा असा न्हवता. परत घ्या माप." एवढी मोठी डिग्री भिंतीवर टांगलेली असताना हे ऐकून घ्यावं लागे. पुढे चुका कमी झाल्या तरी त्यांचं येणं कमी झालं नाही.

त्यांची एक खोली सतारमेकरांच्या गल्लीच्या टोकाला होती. शेजारी तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असत आणि मास्तरांच्या खिडकीत ओळीने जबडे. आत कवळीच्या हिरड्या घडवायच्या गुलाबी पावडरीचा आणि तिच्यात कालवायच्या औषधाचा डोकं उठवणारा वास. त्या वासात बसून ते दाताशेजारी दात लावत. एखादा दात मुद्दाम किंचित तिरका बसवत. मी विचारलं तर म्हणाले, "सगळंच सरळ लावलं तर बायकू वळखायची न्हाई नवऱ्याला."

नवी कवळी बसवायच्या दिवशी ते माझ्या दवाखान्यात हजर राहत आणि पेशंटला एकच भाषण ऐकवत. "ही रोज झोपताना काढायची. पाण्यात ठिवायची. दिवसभर राबल्याव बैलाच्या मानंवरचं जू आपण काढतो का न्हाई? मग जबड्याला इसावा नगो?" शेकडो वेळा मी हे ऐकलं. पुढे पुढे त्यांनी तोंड उघडलं की मीच त्यांच्याबरोबर मनातल्या मनात म्हणत असे.

गेल्या दोनेक वर्षांत मात्र त्यांचं बोलणं कमी झालं. हसताना ते हात तोंडावर धरू लागले. चहाबरोबर दिलेलं बिस्किट बुडवून, पार लगदा करून गिळायचे. अंगावरचा शर्ट ढगळ दिसू लागला. एकदा कशावर तरी ते मोकळेपणाने हसले आणि त्यांची खालची कवळी टेबलावरच्या प्लास्टरच्या वाडग्यात पडली. मास्तरांनाही कवळी आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून मी कवळीकडे पाहिलं.

इतकी जाड कवळी मी कधी पाहिली नव्हती. कडेने पाहिलं तर गुलाबी रंगाच्या वेगवेगळ्या छटांच्या पट्ट्या एकावर एक. मी दार लावून घेतलं आणि त्यांना खुर्चीत बसवलं. मग त्यांनी सांगितलं.

ऐन तिशीत, लग्न होऊन दोन वर्षं झाली असताना, हिरड्या खराब होऊन त्यांचे दात हलून पडू लागले. बायको तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी कोरेगावला गेली होती. ती परत यायच्या आत मास्तरांनी उरलेले दात काढून घेतले आणि स्वतःची कवळी स्वतःच केली. तिरक्या दातासकट. ती आली, म्हणाली, "दात लय सोच्छ दिसत्यात तुमचं." बस्स. त्यानंतर चाळीस वर्षं त्यांनी घरात कवळी काढली नाही. धुवायची ती खोलीवर, आतून कडी लावून. घरी झोपायचे ते कवळी घालूनच.

रात्रंदिवस दाब राहिला की कवळीखालचं हाड झिजतं, आणि हाड झिजलं की कवळी सैल होते. दुसरा कुणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. मास्तरांच्या हाताशी पावडर होती. सैल झाली की ते आतून एक नवा थर द्यायचे आणि कवळी पुन्हा घट्ट. पुन्हा हाड झिजायचं, पुन्हा थर. सगळ्या जिल्ह्याला विसावा शिकवणाऱ्या माणसाने स्वतःचा जबडा असा हळूहळू संपवला होता. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकंच वाईटही वाटलं.

मी स्कॅन काढायला लावला. वरच्या जबड्यात हाड जवळजवळ नव्हतंच. खाली मागच्या बाजूला इतकं पातळ, की नस वरच आलेली. मी पर्याय सांगितले. कमरेचं हाड काढून जबड्यात भरायचं, ते रुजेपर्यंत काही महिने थांबायचं आणि मग इम्प्लांटचे स्क्रू बसवायचे. किंवा वरच्या बाजूला लांब स्क्रू थेट गालाच्या हाडात घ्यायचे. दोन्हींना मोठी भूल लागते, आणि मास्तरांना साखर होती, हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनी स्कॅन उजेडाकडे धरला, खिशातली मोजपट्टी लावली आणि म्हणाले, "ह्यात खिळा मारायचा म्हंजी पापडात खिळा मारायचा, डॉक्टरबाई."

"समोर हनुवटीपाशी अजून हाड आहे, मास्तर. तिथे फक्त दोन स्क्रू, जागेपुरती भूल देऊन. त्यावर खालची कवळी बटणासारखी बसेल. वरची नवी करू. पुन्हा भाकरी खाल."

त्यांनी मोजपट्टी त्या दोन जागांवर नेली. "कडक भाकरी?"

"कडक. फक्त ऑपरेशननंतर दोन आठवडे पातळच खायचं. कवळी अजिबात नाही."

त्यांनी स्कॅन परत पाकिटात घातला. "दोन आठवडं घरात असं तोंड घिऊन बसू? न्हाई जमायचं."

काकूंना सांगा म्हटलं, तर या वयाच्या माणसाचे कान लाल झाले. "चाळीस वर्सं फशिवली म्हणंल ती. तुमीबी सांगायचं न्हाई. शब्द द्या." मी दिला. मग त्यांनीच युक्ती काढली. साताऱ्याला बहिणीकडे दोन आठवडे जाऊन राहायचं. पण बेत सांगताच काकूही पिशवी भरायला लागल्या, आणि तो बारगळला. मग गणपती होऊ द्या. मग सुनेचं बाळंतपण होऊ द्या. मग थंडी सरू द्या. दर वेळी मी तारीख लिहायची आणि खोडायची. शेवटी एकदा ते म्हणाले, "फुडच्या म्हैन्यात नक्की." मी दमले होते, बाहेर सात पेशंट बसले होते. मी म्हणाले, "तुमची मर्जी, मास्तर." एवढंच म्हणाले. अजून एकदा भांडायला हवं होतं. त्याची रुखरुख अजून जात नाही.

पुढचा महिना आला नाही. एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. पहाटे झोपेतच हृदय बंद पडलं होतं. रडत रडत तो म्हणाला, "मॅडम, बाबांची कवळी होती? आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ती बाहेर आलीय, तोंड कसंतरीच दिसतंय. पाव्हणे यायला लागलेत. तुम्ही येऊन बसवता का?"

मी गेले. पाहुण्यांतून वाट काढत आतल्या खोलीत पोचले. मास्तरांच्या मापाचं शेवटचं काम माझ्यावर आलं होतं. मी कवळी बसवली. जबडा धरून ठेवला. चेहरा पुन्हा मास्तरांसारखा दिसू लागला.

काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मुलाला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि मला म्हणाल्या, "काडा ती."

मला वाटलं, दुःखाने भ्रमल्यासारख्या बोलताहेत. "काकू, लोक बघायला येताहेत."

"यिऊ द्यात. मला काय नवीन हाय? बाळंतपणास्नं आले, तवाच कळलं हुतं मला. झोपंत घसरायची ती. मीच बोटानं बशिवत हुते, जाग यिऊ न देता. चाळीस वर्सं."

मी विचारलं, "मग त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"त्यास्नी वाटत हुतं मला ठावं न्हाई. तेवढा त्यांचा मान ऱ्हाऊ द्यावा म्हटलं." मग म्हणाल्या, "भाकरी खाता यीना झाली, तवा लय वाटलं, तुमच्याकडं घिऊन यावं. पर मला ठावं हाय ह्ये त्यास्नी कळलं असतं."

पाकिटातल्या त्या स्कॅनबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही. त्या दोन जागा, ते दोन आठवडे, खोडलेल्या तारखा, सगळं माझ्यापाशीच ठेवलं. आजही ठेवलं आहे.

काकू उठल्या आणि कोनाड्यातलं फुलपात्र घेऊन आल्या. त्यात आधीच पाणी भरून ठेवलं होतं.

"लोकास्नी सांगायचं न्हवं का ते, जबड्याला इसावा द्या म्हून," त्या म्हणाल्या. "आता त्यास्नी द्या."

मी कवळी काढली आणि पाण्यात ठेवली.